विजेचा हातभार

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणिसांचे पत्र आम्हांस कॉव्हेंट्रीस पोहोचले, तेव्हा परदेशात राहून आपण काय मिळविले ते तरुण मंडळींस सांगावे, अशी त्यांनी सूचना केली होती. मिळविले म्हणण्याजोगे आम्ही फारसे काही केलेले नाही. जवळजवळ चाळीस वर्षे लेथपुढे उभे राहून संसार चालविला, मुलांस शिकविले आणि निवृत्त झालो. परंतु गेल्या हिवाळ्यात घरच्या गॅरेजमध्ये आम्ही उभयतांनी एक काम पार पाडले. ते करीत असता आपल्या ज्ञातीचा पिढीजात धंदा, त्यातील शिस्त आणि आमचे आजोबा यांची वारंवार आठवण झाली. त्या कामाची हकीकत आज आपणांपुढे ठेवण्याची परवानगी घेतो. विषय ऐकून कोणास हसू येईल, तर त्यांनी खुशाल हसावे. विषय आहे साठीला आलेल्या एका दोन आसनी मोटारीस विजेवर चालणारे स्टिअरिंग बसविण्याचा.

ही गाडी म्हणजे एम. जी. बी. ऑक्सफर्ड येथील 'मॉरिस गॅरेजेस' या नावाची दोन आद्याक्षरे तिला मिळाली आहेत. हीच अक्षरे मिरविणाऱ्या नव्या गाड्या २०१९ सालापासून आपल्याकडील रस्त्यांवरही दिसू लागल्या आहेत. पण त्या घरच्या गाड्या, आणि ही उघड्या टपाची, जमिनीलगत धावणारी स्पोर्ट्‌स कार. एम. जी. बी. १९६२ साली बाजारात आली. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन गावच्या कारखान्यात ती बनत असे, आणि १९८० च्या ऑक्टोबरात तिचे उत्पादन थांबले, तोवर अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या होत्या. इंजिन १७९८ सी. सी. चे, वजन सुमारे ९२० किलो, बांधणी साधी. घरी दुरुस्ती करणाऱ्यास याहून सोयीची गाडी क्वचितच मिळेल.

आमची गाडी १९६६ सालची. आमची म्हणण्यापेक्षा ती आमच्या सौभाग्यवतींची आहे, असे म्हणणे अधिक खरे. तेथील शाळेत शिकवून साठविलेल्या स्वतःच्या पगारातून त्यांनी ती १९८८ साली विकत घेतली. कऱ्हाडजवळच्या एका लोहाराच्या घरात, भात्याच्या आवाजात वाढलेली मुलगी उघड्या मोटारीतून शाळेत जाते, याचे त्या गावच्या लोकांस कौतुक होते आणि आम्हांस त्याहून अधिक होते. पुढे त्यांस संधिवाताने गाठले. मनगटे आणि बोटांची पेरे सुजू लागली. गाडी धावत असताना त्रास होत नसे. पण ती आत-बाहेर काढताना, मागे घेताना, अरुंद जागेत लावताना हाताला कळ लागे. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास एके संध्याकाळी त्या गाडी दाराशी तिरपीच सोडून आत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही गाडी आता माझे ऐकत नाही. चांगले गिऱ्हाईक पाहा आणि देऊन टाका."

आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. परंतु माणसाच्या हातातून एखादी वस्तू एकदा वयामुळे सुटली, की तिच्यामागोमाग दुसऱ्याही सुटू लागतात, हे आम्ही आमच्या वडिलांच्या बाबतीत पाहिले होते. म्हणून गिऱ्हाईक शोधण्यापूर्वी उपाय शोधावा, असे ठरविले.

रोग समजल्यावाचून औषध देऊ नये, हा नियम यंत्रासही लागू आहे. जड स्टिअरिंगला मोटर जोडून दिली म्हणजे जडपणाचे मूळ कारण दडते, जात नाही. म्हणून आम्ही प्रथम गाडी जड का झाली, ते पाहिले. या गाडीच्या पुढील चाकांच्या वळत्या खिळींस, म्हणजे किंगपिनांस, दोन्ही बाजूंस तीन-तीन ग्रीसचे निपल असतात. त्यांपैकी दोन बुजलेले निघाले. टायरांतील हवा कमी होती. पूर्वीच्या कोणा मालकाने मूळचे सोळा इंचांच्या आसपासचे स्टिअरिंगचे चाक काढून शोभेसाठी तेरा इंचांचे बसविले होते. लहान चाक म्हणजे आखूड तरफ. तेवढ्यानेच हाताला सुमारे सव्वापट जोर लावावा लागतो. त्यातच मूळच्या अरुंद टायरांच्या जागी रुंद रेडियल टायर आलेले. ग्रीस भरले, हवा भरली, मोठे चाक परत बसविले. गाडी पुष्कळ हलकी झाली. आमच्या हाताला ती पुरेशी हलकी होती. ज्यांची गाडी, त्यांच्या हाताला नव्हती.

येथे एक सोपी वाट पुष्कळ जण घेतात. या गाडीच्या पुढील चाकांची वळती खीळ सुमारे सात अंशांनी मागे कललेली असते. या कलास कॅस्टर म्हणतात. वळणानंतर चाक आपोआप सरळ होते ते या कलामुळे, आणि हाताला भार लागतो त्यातही त्याचा वाटा आहे. पाचर घालून हा कल कमी केला, तर स्टिअरिंग हलके होते. पण सरळ होण्याची ती ओढही कमी होते. हाताचा भार हलका करण्यासाठी गाडीचा स्वभाव बिघडविणे आम्हांस पटले नाही.

मग उरले साहाय्य देणारे स्टिअरिंग. याचा इतिहास थोडक्यात सांगतो. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२० नंतरच्या दशकात तेलाच्या दाबाने चालणारी योजना सिद्ध केली. पण विक्रीच्या मोटारीत ती प्रथम आली १९५१ साली, क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीत. त्यात इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा पंप, नळ्या आणि तेल असा पसारा असतो, आणि चाक वळो वा न वळो, पंप इंजिनाची ताकद खातच राहतो. विजेच्या मोटरने तेच काम करण्याची रीत जपानात निघाली. १९८८ साली सुझुकीच्या सर्व्हो या चिमुकल्या गाडीत ती प्रथम आली, आणि १९९० साली होंडाच्या एन. एस. एक्स. या स्पोर्ट्‌स कारच्या स्वयंचलित गिअरच्या आवृत्तीत ती बसविण्यात आली. आज आपल्याकडच्या लहान मोटारींतही बहुधा हेच विजेचे स्टिअरिंग असते. तेव्हा आपणांपैकी अनेक जण ते रोज वापरीत आहेत. फक्त त्याची ओळख झालेली नसेल.

त्याची रचना अशी. आपण हातात धरतो ते चाक एका दांड्यास जोडलेले असते. दांड्याच्या खालच्या टोकाशी लहान दातेरी चाक, आणि त्याच्यात अडकलेली दात्यांची पट्टी, म्हणजे रॅक. ही पट्टी डावी-उजवीकडे सरकली की पुढची चाके वळतात. विजेच्या स्टिअरिंगमध्ये वरचा दांडा मध्येच तोडून एका बारीक पोलादी सळईने जोडलेला असतो. हाताने जोर लावला की ही सळई किंचित पिळली जाते. तो पीळ किती आणि कोणत्या बाजूस, हे एक संवेदक मोजतो आणि नियंत्रक पेटीस कळवितो. पेटी त्या प्रमाणात मोटरला वीज देते, आणि मोटर मळसूत्री दात्यांच्या जोडीतून खालच्या दांड्यास त्याच दिशेने ढकलते. तात्पर्य, मोटर स्वतः काही ठरवीत नाही. हात जिकडे जातो तिकडेच ती जाते. आणि यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की वीज गेली तरी हाताचे चाक आणि रस्त्यावरचे चाक यांमधला लोखंडाचा सांधा तुटत नाही. स्टिअरिंग जड होते. निकामी होत नाही. ही एक गोष्ट नसती तर आम्ही या कामास हात घातला नसता.

इंग्लंडात अशा कामासाठी बहुतेक लोक व्हॉक्सहॉल कोर्सा या लहान गाडीच्या, २००० ते २००६ या काळातील नमुन्याचा, स्टिअरिंग-कॉलम वापरतात. त्यात मोटर, संवेदक आणि नियंत्रक पेटी एकत्रच असतात, आणि भंगारात तो स्वस्त मिळतो. दुसराही एक गुण आहे. गाडीचा वेग आणि इंजिन चालू असल्याची खूण मिळाली नाही, तरी ही पेटी बंद पडत नाही. ती मध्यम प्रमाणाचे ठरावीक साहाय्य देत राहते. जुन्या गाडीत अशा खुणा देणारी यंत्रणाच नसल्याने ही सोय फार उपयोगी पडते. साहाय्य कमी-अधिक करण्यासाठी बटणाची एक लहान पेटी वेगळी मिळते, तीही आम्ही घेतली. आमच्या गावाजवळच्या एका भंगारखान्यातून अपघात न झालेल्या गाडीचा कॉलम निवडून आणला. अपघातात सापडलेला कॉलम कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. आतला पीळ डोळ्यांस दिसत नाही.

नोव्हेंबरात गाडी स्टँडवर चढविली आणि कामास आरंभ झाला. पहिले तीन आठवडे आम्ही लोखंडास हातही लावला नाही. पुठ्ठा, लाकडी दांडका आणि सुतळी घेऊन मापे घेतली. पायांच्या पेडलांना अडथळा होतो काय, गुडघा मोटरवर आपटतो काय, चाक पूर्वीच्याच उंचीवर आणि अंतरावर येते काय, हे पाहावयाचे होते. सौभाग्यवती आसनावर बसत आणि आम्ही खडूने खुणा करीत असू. त्यांनीच एक चूक दाखविली. मोटर उजव्या अंगास वळविली तर दाराशी उतरताना गुडघा लागतो, हे आमच्या मापात आले नव्हते, त्यांच्या गुडघ्यास आले. मोटरची दिशा बदलली.

त्यानंतर पहिला खरा धक्का बसला. कॉलम धरून ठेवण्यासाठी आम्ही पातळ पत्र्याचा कंस केला होता. तात्पुरती वीज देऊन चाक वळविले, तो चाकाबरोबर कॉलमचे अंगच वळू लागले! विचार केला असता तर हे आधीच समजले असते. विहिरीतून पोहरा ओढणारा पाय रोवून उभा नसेल, तर पोहरा वर येण्याऐवजी तोच विहिरीकडे जातो. मोटर दांड्यास जेवढ्या जोराने ढकलते, तेवढ्याच जोराने स्वतः उलट ढकलली जाते. तो उलटा जोर सोसणारा कंस जाड पट्टीचा, तिरप्या आधाराचा आणि गाडीच्या भक्कम भागास बोल्टने जखडलेला हवा. तसा दुसरा केला.

आणखी दोन बारकावे सांगतो, कारण त्यांत जिवाचा प्रश्न आहे. कोर्साच्या कॉलमवर किल्लीचे कुलूप असते, आणि चोरी टाळण्यासाठी त्यातून एक खीळ बाहेर येऊन दांडा अडकविते. आपली किल्ली निराळी असल्याने ती खीळ चालत्या गाडीत पुढे सरकण्याचा धोका राहतो. म्हणून ती समूळ काढून टाकलीच पाहिजे. दुसरा बारकावा युनिव्हर्सल जॉइंटांचा. दांडा सरळ रेषेत जात नसेल तर दोन जॉइंट लागतात. दोहोंचा कोन साधारण ३० अंशांच्या आत ठेवावा, आणि मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांची बेचकी एकाच पातळीत असावीत. ती आडवी-उभी बसली, तर चाक एका फेरीत दोनदा जड व दोनदा हलके लागते, आणि वळणावर हात फसतो.

आता विजेकडे येतो. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एम. जी. बी. गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगास जोडलेले असे. आजची सर्व विजेची साधने ऋण टोक अंगास जोडले आहे, असे धरून बनविलेली असतात. जुन्या पद्धतीच्या गाडीत नवी नियंत्रक पेटी तशीच जोडली, तर ती त्याच क्षणी जळते. शिवाय आमच्या गाडीत वीज तयार करणारा डायनामो होता. त्याची कमाल शक्ती २२ अँपिअर. उभ्या गाडीत चाक टोकाशी नेऊन धरले असता स्टिअरिंगची मोटर किती वीज ओढते, ते आम्ही मापकाने पाहिले, तो आकडा ३४ अँपिअर निघाला. म्हणजे बारा व्होल्टांच्या हिशेबाने चारशे वॉटहून अधिक. सरळ रस्त्यावर हीच मोटर एक-दोन अँपिअरवर भागविते. पण रात्री दिवे, वायपर चालू असता गाडी लावण्याची वेळ आली, तर डायनामो बिचारा काय करणार? तेव्हा डायनामो काढून अल्टरनेटर बसविला आणि बॅटरीची टोके उलटी केली. त्यासाठी इग्निशन कॉइलच्या तारा बदलाव्या लागल्या, आणि इंजिनाच्या फेऱ्या दाखविणारी तबकडी उघडून तिची अंतर्गत जोडणी फिरवावी लागली. आसनामागे असलेल्या सहा-सहा व्होल्टांच्या दोन जुन्या बॅटऱ्यांच्या जागी बारा व्होल्टांची एक आली. मोटरला जाड तार दिली, तारेच्या उगमापाशी फ्यूज घातला, आणि किल्ली फिरविल्यावाचून पेटीस वीज मिळू नये म्हणून रिले बसविला.

येथवर सर्व ठीक झाले. उरला होता एकच सांधा: कोर्साचा खालचा दांडा आणि एम. जी. बी. चा रॅककडे जाणारा दांडा यांना एकमेकांस जोडणे. दोहोंवरील खाचा निराळ्या, जाडी निराळी. सोपी गोष्ट म्हणजे दोन्ही कापून, मध्ये नळी घालून वेल्डिंग करणे. वेल्डिंगचे यंत्र आमच्या गॅरेजमध्ये आहे. फाटके, कठडे, गाडीच्या तळाचे पत्रे आम्ही पुष्कळ जोडले आहेत, आणि हात वाईट नाही असा आमचा समज होता. सौभाग्यवतींस म्हणालो, "रात्रीतून जोडून टाकतो."

आमच्या शेजारी एक वृद्ध इंग्रज गृहस्थ राहतात. त्यांचे सारे आयुष्य टूलरूममध्ये गेले. ते कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "जोडा. पण आधी तसाच एक नमुन्याचा तुकडा जोडा आणि तो मधोमध कापून पाहा." सल्ला मानला. त्याच जाडीची नळी, तोच दांडा, तीच तार घेऊन वेल्डिंग केले. वरून सांधा असा सुरेख दिसत होता, की तो कापावयाचे जिवावर आले. हॅकसॉने कापला. एका बाजूस धातू खोलवर मुरला होता. दुसऱ्या बाजूस तो दांड्यावर नुसता बसला होता, जसे भाकरीवर पीठ बसावे. नखाएवढ्या त्या भागात दोन धातू एकमेकांस भेटलेच नव्हते.

आम्ही दोघेही बराच वेळ तो तुकडा हातात घेऊन गप्प होतो. फाटकाचा सांधा सुटला तर फाटक कलते. हा सांधा सुटला असता तर ताशी साठ मैलांच्या वेगात हातातले चाक रिकामे फिरले असते, आणि चाकामागे कोण बसणार होते, ते आपणांस ठाऊकच आहे. सौभाग्यवती इतकेच म्हणाल्या, "मामंजींनी हे जोडले असते का?"

त्यांचा रोख आमच्या आजोबांकडे होता. लग्नानंतर त्यांचा सहवास त्यांस दोन वर्षे लाभला होता. आजोबा बैलगाडीच्या चाकांस धावा चढवीत. चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान अशी लोखंडी धाव करावयाची, गोवऱ्यांच्या आगीत ती लाल करून फुगवावयाची, सांडशीने चाकावर बसवून पाणी ओतावयाचे; लोखंड आकसते आणि लाकूड आवळून धरते. किती लहान करावी, हे त्यांच्या बोटांस कळत असे. फार लहान झाली तर आरे मोडतात, फार मोठी झाली तर धाव घाटात निसटते. पण आम्हांस आठवते ते निराळे. एकदा कोणी एका शेतकऱ्याने विहिरीच्या मोटेचा तुटलेला कणा सांधून मागितला. आजोबांनी तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला. म्हणाले, "हा सांधून टिकणार नाही. नवा कर. माझा हात चांगला आहे, पण तुझ्या बैलांपेक्षा मोठा नाही." त्या दिवसाची मजुरी बुडाली. आम्ही लहान होतो. आम्हांस ती गोष्ट कमीपणाची वाटली होती. कमीपणा कशात आणि मोठेपणा कशात, हे कळावयास आम्हांस साठ वर्षे आणि एक कापलेला तुकडा लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मापांचा आराखडा नीट काढला आणि स्टिअरिंगच्या दांड्यांचेच काम करणाऱ्या एका यंत्रशाळेकडे पाठविला. त्यांनी दोन्ही टोकांस योग्य खाचा पाडलेले घट्ट जोड तयार केले. जेथे वेल्डिंग अटळ होते तेथे परीक्षा दिलेल्या कारागिराने ते केले, आणि भेदक रंग लावून केसाएवढी भेग नाही ना, याची तपासणी करून दांडा परत पाठविला. भंगारातील कॉलमच्या तिपटीहून अधिक पैसे त्या एका दांड्यास पडले. साऱ्या कामात इतक्या समाधानाने दिलेले पैसे दुसरे नाहीत.

मार्चमध्ये जोडणी पूर्ण झाली. प्रथम पुढची चाके जमिनीपासून उचलून वीज दिली आणि स्टिअरिंग मोकळे सोडले. पीळ मोजणाऱ्या संवेदकाचा मध्य चुकला असेल, तर हात न लावताही चाक स्वतःहून फिरू लागते. ते स्थिर राहिले. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शंभर वेळा वळविले. चालू असताना मुद्दाम फ्यूज काढला; चाक जड झाले, पण वळत राहिले. हे जडपण मूळच्या गाडीपेक्षाही अधिक होते, कारण बंद मोटरही हातालाच फिरवावी लागते. सौभाग्यवतींनी त्या अवस्थेत गाडी रिकाम्या पटांगणात स्वतः वळवून पाहिली, दात आवळून पण वळवून. प्रसंग आलाच तर गाडी कडेला घेण्याइतका जोर आपल्या हातात उरला आहे, याची खात्री पटल्यावरच त्यांनी मान डोलविली. दर पन्नास मैलांनी बोल्ट तपासले. विमा कंपनीस बदल लेखी कळविला. तेथे चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांस, त्यांत मोठे फेरफार झालेले नसल्यास, २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. आम्ही मात्र आपणहून तपासणी करविली. आपण केलेल्या कामाची परीक्षा दुसऱ्याने घ्यावी, हेच बरे.

पहिल्या फेरीस आम्ही साहाय्याचे बटण पुरे फिरवून ठेवले होते. एका बोटाने चाक वळत होते आणि आमची छाती अभिमानाने फुगली होती. एक मैल गेलो नसू, तो सौभाग्यवती म्हणाल्या, "हे नको. रस्ता कळेनासा झाला." ओला रस्ता, खडीचा रस्ता, टायरची पकड सुटू लागल्याची बारीक थरथर, हे सारे चाकातून हाताला कळत असते. फार मदत दिली की ती भाषाच बंद होते. त्यांनी बटण मागे, आणखी मागे फिरविले. जेथे मनगटाला कळ लागत नाही आणि रस्ताही कळतो, अशा एका खुणेशी ते थांबविले. ती खूण आम्ही सांगितली नसती. ती ज्याच्या हाताला दुखते, त्यालाच सापडते. मदत देणाऱ्याने मोजमाप ठरवू नये, घेणाऱ्याने ठरवावे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. आपल्या संस्थेतील साहाय्य-समित्यांसही त्याचा उपयोग व्हावा.

एप्रिलात त्या ती गाडी घेऊन स्वतः ॲबिंग्डनला गेल्या. जेथे ती जन्मली त्या गावी. आम्ही शेजारच्या आसनावर होतो. आजोबा धाव चढविली की गाडीचे पहिले गिऱ्हाईक स्वतः होत. मालकाशेजारी बसून ओढ्यापर्यंत जात आणि पायी परत येत. तीच रीत आम्ही पाळली, इतकेच. आम्हांस पायी यावे लागले नाही.

आता दोन शब्द येथील मंडळींसाठी. ही हकीकत ऐकून कोणी उद्याच गाडी उघडू नये. आपल्या देशात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकास परभारे करता येत नाही. कोणताही फेरफार करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. परंतु आपल्या घरी विजेचे स्टिअरिंग असलेली गाडी असेल, तर इतके अवश्य करावे. टायरांतील हवा नियमित पाहावी. उभ्या गाडीत चाक टोकाशी नेऊन दाबून धरू नये. आणि समोर स्टिअरिंगचा इशारा देणारा दिवा लागून चाक एकाएकी जड झाले, तर घाबरू नये; सांधा तुटलेला नाही, फक्त हातभार गेला आहे, हे ध्यानात ठेवून दोन्ही हातांनी जोर लावावा, वेग कमी करून गाडी कडेला घ्यावी आणि दुरुस्तीवाचून पुढे जाऊ नये.

शेवटी संस्थेस एक विनंती. आपली ज्ञाती लोखंडाची. आज आपली मुले-मुली कचेऱ्यांत, बँकांत, संगणकापुढे बसतात, याचा आम्हांस आनंद आहे. भात्याचा धूर कोणाच्या वाट्यास पुन्हा यावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु संस्थेच्या वसतिगृहात एक खोली अशी असावी, की जेथे एक वाइस, कानशी, मापाची हत्यारे आणि एक वेल्डिंगचे यंत्र असेल, आणि सुटीच्या दिवशी एखादा निवृत्त कारागीर मुलांस व मुलींस हात धरून शिकवील. पहिला धडा जोडण्याचा असावा. दुसरा धडा, आपण जोडलेले कापून पाहण्याचा असावा. तो कापलेला तुकडा आम्ही बरोबर आणला आहे. खोली होईल तेव्हा तिच्या भिंतीवर लावण्यासाठी तो अध्यक्ष महाशयांच्या स्वाधीन करतो आणि खोलीच्या खर्चासाठी आम्हां उभयतांची अल्प देणगी चिटणिसांकडे देतो.